बोटांना लागलेले वळण

एक छोटा प्रयोग करून पाहा. रोज संगणकावर सराईतपणे इंग्रजी टाइप करणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याला कोरा कागद द्या आणि कळफलकावरील अक्षरे आपापल्या जागी लिहून दाखवायला सांगा. कळफलक अर्थातच झाकून ठेवा. बहुतेक जण वरच्या ओळीतील चार-सहा अक्षरे झटकन लिहितात आणि मग अडतात. अडले की त्यांची बोटे टेबलावर आपोआप हलू लागतात. एखादे अक्षर कोठे आहे हे ते आपल्याच बोटांना विचारून पाहत असतात. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी हा प्रयोग पद्धतशीरपणे केला, तेव्हा सरावलेल्या लोकांनाही २६ पैकी सरासरी सुमारे १५ अक्षरांच्याच जागा बरोबर दाखवता आल्या. हीच माणसे टाइप करताना मात्र क्वचितच चुकत होती.

सायकल चालवणे, पोहणे, तबल्यावर बोट पडणे या गोष्टींसारखेच हे ज्ञान आहे. ते हालचालींत साठवलेले असते. हस्ताक्षराला आपण ‘वळण’ म्हणतो आणि एकदा बसलेले वळण मोडणे किती कठीण असते, हे शिक्षकांना आम्ही सांगायला नको. कळफलकाचेही तसेच असते. म्हणूनच एक प्रश्न आम्हाला विचार करण्याजोगा वाटतो. रूढ कळफलक सोडून वेगळ्या धाटणीचा कळफलक विद्यार्थी केव्हा स्वीकारतात? तो अधिक चांगला आहे हे पटवून दिले, की पुरते का? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी सुमारे दीडशे वर्षे मागे जावे लागेल. शेवटी ते आपल्याला आपल्याच वर्गात आणून सोडते.

शिलाई यंत्रांच्या कारखान्यात

अमेरिकेतील मिलवॉकी शहरातील क्रिस्टोफर लॅथम शोल्स हे वृत्तपत्राचे संपादक होते. त्यांनी दोन सहकाऱ्यांसह १८६८ साली टंकयंत्राचे पेटंट मिळवले. सुरुवातीच्या यंत्रावर अक्षरे पियानोच्या पट्ट्यांप्रमाणे आणि बरीचशी वर्णानुक्रमाने लावलेली होती. पुढील पाच वर्षांत त्यांनी ही मांडणी अनेकदा बदलली. १८७३ मध्ये बंदुका आणि शिलाई यंत्रे बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीशी करार झाला आणि १८७४ मध्ये यंत्र बाजारात आले. त्याची किंमत १२५ डॉलर होती. ते केवळ मोठ्या लिपीतील इंग्रजी अक्षरे उमटवी आणि कागदावर काय उमटले हे टंकलेखकाला लगेच दिसतही नसे. या यंत्राच्या वरच्या ओळीतील पहिल्या सहा अक्षरांवरून त्या मांडणीला पुढे ‘क्वर्टी’ हे नाव पडले.

ही मांडणी अशी का झाली? पाठ्यपुस्तकांतून आणि वर्तमानपत्रांतून आपण एक गोष्ट नेहमी वाचतो. जलद टंकलेखन केल्यावर अक्षरांचे दांडे एकमेकांत अडकत, म्हणून वारंवार जोडीने येणारी अक्षरे मुद्दाम दूर ठेवली गेली आणि टंकलेखकांचा वेग कमी केला गेला, अशी ती गोष्ट आहे. यंत्राचे दांडे अडकत हे खरे. पण ही गोष्ट जशीच्या तशी मान्य करणे कठीण आहे. इंग्रजीत अतिशय वारंवार जोडीने येणारी ‘ई’ आणि ‘आर’ ही अक्षरे क्वर्टीत शेजारी-शेजारी आहेत. २०११ साली जपानमधील क्योटो विद्यापीठातील संशोधकांनी वेगळे मत मांडले. सुरुवातीच्या यंत्रांचा वापर तारायंत्रावरचे संदेश उतरवून घेणाऱ्यांनी केला आणि त्यांच्या गरजांनुसार अक्षरे हलत गेली, असे त्यांचे म्हणणे आहे. नेमके कारण काहीही असो, ही मांडणी एका कारखान्यात काही वर्षांच्या दुरुस्त्यांतून तयार झाली. अक्षरे न पाहता दहाही बोटांनी वेगाने टाइप करणारा टंकलेखक तेव्हा जन्माला यायचा होता. त्यामुळे त्याच्या सोयीचा विचार तीत असणे शक्यच नव्हते.

मग ती टिकली कशी? १८८०च्या दशकात टंकलेखन शिकवणारे वर्ग निघाले. न्यूयॉर्कमध्ये यंग विमेन्स ख्रिश्चन असोसिएशनने १८८१ मध्ये तरुणींसाठी असा वर्ग सुरू केला. वर्गात जे यंत्र असेल त्यावर विद्यार्थी शिकत आणि कार्यालये, जे यंत्र टंकलेखकांना येते तेच विकत घेत. २५ जुलै १८८८ रोजी सिनसिनाटी येथे एक स्पर्धा बरीच गाजली. फ्रँक मॅकगरिन यांनी रेमिंग्टनचा कळफलक पाठ केला होता. ते कळांकडे न पाहता सर्व बोटांनी टाइप करत. त्यांनी प्रतिस्पर्धी लुई ट्रॉब यांना सहज हरवले. ट्रॉब यांच्या यंत्रावर लहान आणि मोठ्या अक्षरांसाठी स्वतंत्र कळा होत्या आणि ते केवळ चार बोटे वापरत. विजय खरे तर शिकण्याच्या पद्धतीचा होता. श्रेय मात्र यंत्राला आणि त्याच्या मांडणीलाही मिळाले.

त्याच सुमारास दुसरा पर्यायही उपलब्ध होता. १८९३ साली आलेल्या ब्लिकेन्सडर्फर यंत्रावर इंग्रजीत सर्वाधिक वापरली जाणारी दहा अक्षरे हाताजवळच्या ओळीत ठेवलेली होती. या मांडणीला ‘शास्त्रीय कळफलक’ म्हटले जाई. पण ग्राहकाने मागितल्यास त्याच यंत्रावर क्वर्टीही बसवून मिळे. शिकवणारे वर्ग क्वर्टीचे होते आणि नोकऱ्याही क्वर्टीच्याच. विसावे शतक उजाडेपर्यंत निवड करण्याची वेळ टळून गेली होती.

ड्वोरॅक यांचे विद्यार्थी

क्वर्टीला सर्वांत गंभीर आव्हान एका शिक्षकाकडून आले. ऑगस्ट ड्वोरॅक हे सिअॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात शैक्षणिक मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांची एक विद्यार्थिनी टंकलेखनातील चुकांवर प्रबंध लिहीत होती. तिला मार्गदर्शन करताना ड्वोरॅक यांना वाटू लागले, की मुले ज्या चुका करतात त्यांतील अनेकांचे मूळ मुलांत नसून कळांच्या मांडणीत आहे. शिक्षकाच्या दृष्टीने हा विचार मोलाचा आहे. विद्यार्थी पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी अडखळत असेल, तर रस्त्याकडेही पाहायला हवे.

ड्वोरॅक आणि त्यांचे मेहुणे विल्यम डीली यांनी इंग्रजीतील अक्षरांची आणि अक्षरजोड्यांची वारंवारता तपासली, हातांच्या हालचालींचा अभ्यास केला आणि १९३६ साली नव्या मांडणीचे पेटंट मिळवले. तिचे तत्त्व सोपे आहे. सर्व स्वर डाव्या हाताखाली मधल्या ओळीत आणि ‘डी, एच, टी, एन, एस’ ही बहुवापरी व्यंजने उजव्या हाताखाली. शब्दात स्वर आणि व्यंजने साधारणतः आलटून पालटून येतात, त्यामुळे दोन्ही हात आळीपाळीने चालतात. एक हात कळ दाबत असताना दुसरा पुढच्या कळेकडे निघालेला असतो. या मांडणीत इंग्रजी मजकुराचे सुमारे ७० टक्के ठोके मधल्या ओळीतच पडतात. क्वर्टीत हे प्रमाण सुमारे ३२ टक्के आहे.

१९३०च्या दशकात वॉशिंग्टन राज्यातील टकोमा शहराच्या शाळांत विद्यार्थ्यांना ही मांडणी शिकवण्यात आली. मुलांनी ती स्वीकारली. ‘नवी आहे’ म्हणून कोणी नाक मुरडले नाही, कारण या मुलांच्या दृष्टीने नवे-जुने असे काही नव्हतेच. त्यांच्यासमोर यंत्र होते, शिकवणारे शिक्षक होते आणि बोटांना दुसरे कोणतेही वळण लागलेले नव्हते. त्या दशकातील व्यापारी शाळांच्या टंकलेखन स्पर्धांत ड्वोरॅकवर शिकलेले विद्यार्थी वरचे क्रमांक मिळवू लागले.

बार्बरा ब्लॅकबर्न यांचे उदाहरण याच काळातले. नेहमीच्या कळफलकावर त्या शाळेत टंकलेखनात नापास झाल्या होत्या. १९३८ मध्ये त्यांना ड्वोरॅकची मांडणी शिकायला मिळाली. पुढे गिनेस बुकात त्यांच्या नावाची नोंद झाली ती ५० मिनिटे सलग मिनिटाला १५० शब्द या वेगासाठी. एका असामान्य व्यक्तीच्या विक्रमावरून मांडणी श्रेष्ठ ठरत नाही, हे खरे. पण एक गोष्ट यातून दिसते. रूढ पद्धतीत अपयश आलेल्या विद्यार्थ्याला तिच्यात गुंतवलेले असे फारसे काही नसते, आणि म्हणून तो नवे वळण आनंदाने घेतो.

मग हे विद्यार्थी गेले कोठे? शाळा संपल्यावर ते कार्यालयांत गेले. तेथे टेबलावर क्वर्टीचे यंत्र होते. शाळेतील वळण घेऊन आलेल्या एका नव्या टंकलेखिकेसाठी कोणताही कारकुनी विभाग आपली यंत्रे बदलणार नव्हता. कालांतराने शाळांनीही व्यवहार पाहिला. जे नोकरीत चालणार नाही ते शिकवायचे कशाला, हा पालकांचा प्रश्न आपल्याला अपरिचित नाही.

तुलनेतील चुका

येथवरची गोष्ट वाचून ‘चांगले हरले, वाईट जिंकले’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९८५ साली एका प्रसिद्ध निबंधात क्वर्टीचे उदाहरण घेऊन दाखवले, की इतिहासातील छोट्या योगायोगांमुळे समाज एखाद्या कमी प्रतीच्या तंत्राशी कायमचा बांधला जाऊ शकतो. १९९० मध्ये लीबोविट्झ आणि मार्गोलिस या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्यावर आक्षेप घेतला. ड्वोरॅकची मांडणी फार श्रेष्ठ आहे, हे मुळात सिद्ध झाले आहे का, असा त्यांचा प्रश्न होता.

त्यांनी जुने प्रयोग तपासले. त्यांना जे आढळले ते विज्ञानाच्या शिक्षकाने वर्गात सांगावे असे आहे. ड्वोरॅक यांच्या तुलनांत शिकागो विद्यापीठाच्या प्रायोगिक शाळेतील सातवी-आठवीची मुले एका बाजूला आणि नेहमीच्या हायस्कुलांतील मुले दुसऱ्या बाजूला होती. वये वेगळी, शाळा वेगळ्या, परीक्षा वेगळ्या आणि तासांची लांबीही वेगळी. मग वेगातील फरक मांडणीमुळे पडला, की शाळेमुळे?

१९४४ सालचा अमेरिकन नौदलाचा प्रयोगही असाच. १४ टंकलेखिकांना ड्वोरॅकची मांडणी शिकवली गेली. सरासरी ५२ तासांच्या सरावानंतर त्यांनी आपला जुना वेग गाठला आणि पुढे त्या बऱ्याच पुढे गेल्या, असे अहवाल सांगतो. पण तुलनेसाठी घेतलेल्या क्वर्टीच्या गटाचा सुरुवातीचा आणि शेवटचा वेग वेगळ्या रीतीने मोजला होता. शिवाय त्या वेळी ड्वोरॅक स्वतः नौदलात लेफ्टनंट कमांडर होते आणि अशा हालचालींच्या अभ्यासाचे तज्ज्ञ मानले जात. आपल्याच शोधाची परीक्षा आपणच घेतली, तर गुण जरा सढळ हाताने पडतात. त्यासाठी लबाडी करावी लागत नाही.

१९५६ साली अर्ल स्ट्राँग यांनी अमेरिकन सरकारसाठी अधिक काटेकोर तुलना केली. दहा अनुभवी टंकलेखकांना रोज चार तास ड्वोरॅक शिकवले. जुना वेग परत मिळवण्यासच त्यांना २५ पेक्षा अधिक दिवस, म्हणजे शंभराहून अधिक तास लागले. त्यानंतर दुसऱ्या दहा टंकलेखकांना क्वर्टीवरच जादा सराव दिला. या दुसऱ्या गटाची प्रगती अधिक झाली. मांडणी बदलण्यासाठी सरकारने खर्च करू नये, असा निष्कर्ष निघाला. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज पाहिले, तर ड्वोरॅकमुळे वेगात काही टक्क्यांची वाढ होऊ शकते. सुरुवातीला सांगितले गेलेले मोठे आकडे टिकत नाहीत.

या प्रयोगांकडे आम्ही जरा वेगळ्या बाजूने पाहतो. टकोमातील मुले आणि स्ट्राँग यांचे टंकलेखक यांच्यातील मुख्य फरक कोणता? मुले पहिल्यांदाच शिकत होती. टंकलेखकांना आधीचे विसरून शिकायचे होते. विसरण्याची किंमत सुमारे शंभर तास. नव्या मांडणीचा फायदा काही टक्क्यांचा असेल, तर अनुभवी माणूस हे शंभर तास सहसा खर्च करत नाही. नवशिक्याला मात्र ते खर्चावेच लागत नाहीत.

यंत्र बदलले, बोटे तीच

संगणक आल्यावर ही किंमत कमी व्हायला हवी होती. टंकयंत्राची मांडणी बदलण्यासाठी धातूचे दांडे बदलावे लागत. संगणकावर कोणती कळ कोणते अक्षर दाखवील हे केवळ आज्ञावलीने ठरते. १९८२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने ड्वोरॅकच्या मांडणीला मान्यता दिली. १९८४ सालच्या ‘अॅपल टू सी’ या संगणकावर एक बटण दाबून क्वर्टीवरून ड्वोरॅकवर जाता येत असे. आज ही सोय जवळजवळ प्रत्येक संगणकात आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. तरीही ती वापरणारे थोडेच आहेत. यंत्राचा खर्च शून्यावर आला. बोटांचा खर्च तसाच राहिला.

जे थोडे बदलतात, ते कोण असतात? मनगटे आणि बोटे दुखू लागलेले, कारण त्यांना जुन्या वळणाची किंमत रोज मोजावी लागते. संगणकशास्त्राचे विद्यार्थी, कारण त्यांना अशा गोष्टी उलगडून पाहण्याची हौस असते आणि सुट्टीत त्यांच्याकडे वेळही असतो. आणि ज्यांचा एखादा मित्र किंवा खोलीतील सोबती आधीच बदललेला असतो, असे. अडले तर विचारायला माणूस जवळ असणे, ही शिकण्यातील फार मोठी सोय आहे.

२००६ साली शाय कोलमन यांनी ‘कोलमॅक’ नावाची मांडणी प्रसिद्ध केली. ड्वोरॅकने जवळजवळ सगळीच अक्षरे हलवली होती. कोलमॅकने केवळ १७ कळा बदलल्या. नक्कल करणे, चिकटवणे अशा नेहमीच्या आज्ञांसाठी लागणारी ‘झेड, एक्स, सी, व्ही’ ही अक्षरे तिने जागची हलवली नाहीत. म्हणजे नव्या मांडणीची रचना करतानाच जुन्या वळणाशी थोडी तडजोड केली. जुने सगळे मोडायला लावणाऱ्या सुधारणेपेक्षा जुन्यातील काही राखणारी सुधारणा लोकांच्या अधिक पचनी पडते, हे शिक्षणक्षेत्रातही आपण पाहतोच.

वर्णमालेचा कळफलक

आता मराठीकडे वळू. मराठीचा रूढ कळफलक टंकयंत्रावरून आला. त्या यंत्राला शब्द उच्चारायचे नसत, अक्षरे रेखाटायची असत. म्हणून त्यावर अर्धी अक्षरे आणि काना वेगळे होते. अर्ध्या अक्षराला काना जोडून पूर्ण अक्षर तयार करावे लागे. ‘किती’ लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर, कारण कागदावर ती डावीकडे असते. या यंत्रावर महाराष्ट्रातील हजारो तरुण-तरुणींनी टंकलेखन संस्थांत सकाळ-संध्याकाळ सराव केला. मिनिटाला मराठी ३० शब्दांचे प्रमाणपत्र हातात असले, की लिपिकाच्या नोकरीचे दार उघडे. परीक्षा, यंत्र, शिक्षक आणि नोकरी या चारही गोष्टी एकाच मांडणीच्या बाजूने उभ्या होत्या.

संगणकासाठी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये एक नवी मांडणी ठरवली, १९८८ मध्ये ती सुधारली आणि १९९१ साली भारतीय मानक म्हणून तिला मान्यता मिळाली. तिचे नाव ‘इनस्क्रिप्ट’. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या ‘सीडॅक’मध्ये वाढलेले भारतीय लिप्यांचे तंत्रज्ञान याच विचाराचे. ही मांडणी मराठीच्या शिक्षकाने एकदा तरी नीट पाहावी, अशी आहे.

उजव्या हाताखालच्या मधल्या ओळीत क, त, च, ट, प ही अक्षरे आहेत. प्रत्येकाच्या लगेच वर त्याच वर्गातील तिसरे अक्षर आहे. म्हणजे क वर ग, त वर द, च वर ज, ट वर ड, प वर ब. शिफ्टची कळ दाबून तीच अक्षरे टाइप केली, की महाप्राण मिळतात: क चा ख, ग चा घ, त चा थ, द चा ध. डावीकडे स्वर आहेत. मधल्या ओळीत अ, इ, उ, ए, ओ आणि प्रत्येकाच्या लगेच वर आ, ई, ऊ, ऐ, औ. नुसती कळ दाबली, की काना, मात्रा, वेलांटी, उकार उमटतो. शिफ्टसह दाबली, की पूर्ण स्वर. अ च्या कळेवर नुसते दाबल्यास व्यंजनाचा पाय मोडतो, कारण ‘अ’ची मात्रा अशी काही नसतेच. ‘ळ’ हे ‘ल’च्या कळेवर शिफ्टसह मिळते आणि ‘दऱ्या’मधला ऱ ‘र’च्या कळेवर.

थोडक्यात, फळ्यावर आपण वर्णमालेचा जो तक्ता काढतो, तोच येथे बोटांखाली मांडला आहे. म, न, व यांसारखी खालच्या ओळीतील काही अक्षरे सोडली, तर व्यंजने उजवीकडे आणि स्वर डावीकडे. ‘पाटी’, ‘किती’, ‘शाळा’ हे शब्द टाइप करताना हात उजवा-डावा, उजवा-डावा असे चालतात. ड्वोरॅक यांना अक्षरांची वारंवारता मोजून जे साधावे लागले, ते येथे आपल्या लिपीच्या घडणीतूनच मिळाले. वेलांटीही व्यंजनानंतर, उच्चाराच्या क्रमाने टाइप होते. शिवाय हीच मांडणी गुजराती, कन्नड, बंगाली अशा इतर भारतीय लिप्यांनाही लागू आहे. मराठीत ‘क’ जेथे आहे तेथेच कन्नडमध्येही आहे.

मग विद्यार्थ्यांनी ती उचलून धरायला हवी होती. तसे झाले नाही. १९९०च्या दशकात छपाईच्या व्यवसायात श्री-लिपी, आकृती यांसारख्या आज्ञावली आल्या. तेथे काम करणारे बहुतेक जण टंकयंत्रावर शिकलेले होते, म्हणून त्यांच्यासाठी जुनीच मांडणी चालू राहिली. शाळेत संगणक आला, तो रोमन अक्षरे छापलेला कळफलक घेऊन. मुलांनी पहिला शब्द इंग्रजीत टाइप केला. पुढे मराठी लिहिण्याची वेळ आली तेव्हा त्यांना सोपी वाट दिसली: रोमन अक्षरांत टाइप करायचे आणि यंत्राने सुचवलेल्या देवनागरी शब्दांपैकी एक निवडायचा. या वाटेवर पहिल्या दिवशी काहीच शिकावे लागत नाही. इनस्क्रिप्टवर पहिले काही दिवस अक्षर-अक्षर शोधावे लागते.

आम्ही स्वतः याच वाटेने गेलो. आमचे महाविद्यालयीन शिक्षण आणि संशोधन इंग्रजीत झाले, मराठी मजकूर रोमन अक्षरांतून येई. काही वर्षांपूर्वी आम्ही रोज अर्धा तास इनस्क्रिप्टचा सराव करायचे ठरवले. पहिला आठवडा अपमानास्पद होता. एका साध्या पत्राला पाऊण तास लागला. घाईचे काम आले, की आम्ही चोरून जुन्या पद्धतीकडे वळत असू. दीड-दोन महिन्यांनी बोटे आपणहून जागेवर जाऊ लागली. पण आमच्या प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यांना आम्ही हे शिकवू शकलो का? त्यांच्यापैकी एकाने शिकले. उरलेल्यांनी विनयाने सांगितले, “सर, आमचे काम भागते.” त्यांचे चुकले असे आम्हाला म्हणवत नाही. स्ट्राँग यांच्या टंकलेखकांसारखेच तेही विसरण्याची किंमत मोजत होते, आणि आम्ही त्यांना उशिरा भेटलो होतो.

पहिला तास कोणाचा?

रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्यात एवढे बिघडते काय? प्रौढ माणसाचे फारसे काही बिघडत नाही. मुलाचे मात्र बिघडू शकते, असे आम्हाला वाटते. ‘बाळ’ लिहावे की ‘बाल’, ‘पाणी’ की ‘पानी’, वेलांटी पहिली की दुसरी, हे निर्णय लिहिणाऱ्याने घ्यायचे असतात. रोमन अक्षरांत हा भेद बहुधा पुसला जातो आणि यंत्राच्या यादीतून निवड होते. आधीच पक्के लिहिता येणाऱ्याला चूक दिसते. नुकत्याच शिकणाऱ्याला जे पहिले दिसेल तेच बरोबर वाटते. आणि मराठी माध्यमाच्या शाळेतील मुलाला आपल्याच भाषेत चार ओळी लिहिण्यासाठी आधी इंग्रजी स्पेलिंगचा अंदाज बांधावा लागतो, हेही नीट विचार करण्याजोगे आहे. आता तोंडी बोलून मजकूर उमटवण्याची सोयही आली आहे. तिचा उपयोग आहेच. पण बोललेल्याचे लेखन बरोबर उमटले की नाही, हे पाहायला लिहिता येणारा माणूस लागतोच.

हा सगळा इतिहास पाहिला, की विद्यार्थी वेगळा कळफलक केव्हा स्वीकारतात याचे उत्तर बरेच स्पष्ट होते. बोटांना दुसरे वळण लागलेले नसावे. समोरच्या यंत्रावर तो कळफलक असावा. तो येणारे शिक्षक किंवा सोबती जवळ असावेत. आणि शिकलेले पुढे परीक्षेत, कामात, रोजच्या लेखनात उपयोगी पडावे. मांडणीचे गुण महत्त्वाचे आहेतच, पण ते या चार गोष्टींच्या सोबतीनेच उपयोगी पडतात. टकोमात पहिल्या तीन गोष्टी होत्या, चौथी नव्हती. मराठी टंकयंत्राच्या बाबतीत चारही होत्या. इनस्क्रिप्टच्या बाबतीत आज मांडणी प्रत्येक संगणकात आहे, पण पहिला तास हातून गेलेला असतो.

तो पहिला तास शाळेत असतो. पाचवीतील मूल संगणकासमोर पहिल्यांदा बसते, तेव्हा त्याने पहिला शब्द कोणता टाइप करावा आणि कसा, हे शिक्षक ठरवू शकतात. त्यासाठी यंत्र बदलायला नको. कळांवर अक्षरांचे कागदी तुकडे चिकटवले किंवा भिंतीवर तक्ता लावला तरी पुरते.

आमच्या म्हणण्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा शिक्षकांनी ते तपासून पाहावे. पाठ्यपुस्तकातील एक उतारा घ्यावा आणि विद्यार्थ्यांकडून त्यातील व्यंजने, काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरे मोजून घ्यावीत. इनस्क्रिप्टच्या तक्त्यावरून प्रत्येक ठोका कोणत्या हाताचा आणि कोणत्या ओळीतला, हेही मोजता येईल. त्यापुढे जायचे असेल, तर एकाच इयत्तेतील मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत. एका गटाने रोमन अक्षरांतून, दुसऱ्याने इनस्क्रिप्टवर, दोघांनीही रोज सारखाच वेळ सराव करावा. दोन महिन्यांनी दोघांना एकच उतारा द्यावा आणि वेगाबरोबर शुद्धलेखनाच्या चुकाही मोजाव्यात. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला कोणता कागद कोणत्या गटाचा हे सांगू नये. निष्कर्ष आमच्या विरुद्ध गेला, तरी विद्यार्थी दोन गोष्टी शिकलेले असतील: न्याय्य तुलना कशी करावी आणि आपली वर्णमाला किती विचारपूर्वक रचलेली आहे. १९४४ च्या प्रयोगात जे राहून गेले, ते एखाद्या तालुक्याच्या शाळेत नीट होऊ शकेल.